क्रुसाच्या पायथ्याची जागा

लानवेरिन गावच्या चर्चच्या आवारात जुना दगडी क्रूस आहे. म्हणजे खांब आहे. डोकं कोणे एके काळी धर्मसुधारकांनी उडवलं. पण बिनमुंडक्याच्या त्या खांबाचा तोरा काय वर्णावा! त्याच्या पायथ्याशी पुरलं जाणं म्हणजे गावात जन्माचं सार्थक. आणि तिथे आता एकाच कबरीपुरती जागा उरली होती.

ती एम्रिसला हवी होती, आणि त्याच्या हाडवैऱ्याला, गेथिनलाही. पाद्रीबुवांनी हात झटकले, "ज्याच्या घरची शवपेटी आधी येईल, त्याची." झालं! जागा दोघांना हवी, मरायची तयारी मात्र एकाचीही नाही.

एम्रिसची बायको मेरेरिद हे पुराण रोज जेवणाबरोबर गिळायची. तिचं माहेर टेकडीवरच्या चॅपलचं, म्हणजे वेगळ्या, साध्या पंथाचं. ती माणसं क्रूसबिस मानत नाहीत, मेल्यावर साध्या दगडी पाटीखाली झोपतात. मेरेरिदला तिथे आईशेजारी जायचं होतं, एवढंच.

हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. जन्मात चुलीकडे न फिरकलेला एम्रिस मटणाचा गरम रस्सा घेऊन उशाशी बसला. तिला भरून आलं.

"मेरेरिद," तो मायेनं म्हणाला, "तुला क्रुसापाशीच ठेवू हं. खोल खणून घेतो, म्हणजे वर माझीही सोय होईल."

तिला ठसका लागला. "मला आईपाशी जायचंय."

"वेडी की काय! मग जागा त्या गेथिनच्या घशात जाईल ना!"

या वाक्यानं तिला औषधापेक्षा जास्त गुण आला. नुसत्या संतापानं ती बरी झाली. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, तेव्हा एम्रिसचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

वसंतात, भर पावसात दोरी घेऊन जागा मोजायला गेलेला एम्रिस भिजला, तापानं आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही. मेरेरिद खूप रडली. माणूस वाईट नव्हता, दगडाच्या नादी लागला होता. त्याच्या हौसेखातर तिनं कबर खोल खणवली.

दफन उरकल्यावर पाद्रीबुवा म्हणाले, "वरची जागा तुमची, बाई. राखून ठेवतो."

"वाईट झालं, वहिनी," म्हणत गेथिन पुढे आला. डोळे क्रुसावरच.

"मला नको ती. मी आईपाशी जाणार," मेरेरिद म्हणाली. "गेथिनभावजींना देऊन टाका."

पाद्रीबुवा चपापले. "अहो, हे दोघं उभ्या जन्मात एका बाकावर बसले नाहीत!"

"मग आता झोपू देत एकावर एक."

गेथिननं कबरीकडे नजर टाकली.

"पण वर मीच ना, वहिनी?"