बंद ठेवलेली चाचणी

देवेशवर कालिंदीचा विश्वास कधी बसलाच नव्हता. तोंड न दाखवणारा, गोड गोड ईमेल लिहिणारा माणूस! गारखेड्यातल्या घरी बसून ती हौसेनं संख्याशास्त्राच्या लायब्ररी, म्हणजे आकडेमोडीचे तयार प्रोग्रॅम, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांसाठी पॅकेज करायची, आणि हा गेल्या महिन्यापासून आपणहून मदतीला आला होता. आज ते वापरणाऱ्या एकाची तक्रार आली: पावसाची सरासरी चुकतेय, नोंद नसलेले दिवस कोरडेच धरले जातायत.

"तरी मी म्हणत होते," ती नवऱ्याला, श्रीनिवासला म्हणाली. "पाणी कुठं मुरतंय ते आता दाखवतेच."

ही चूक पकडणारी चाचणी पॅकेजमध्ये होती, पण कुणीतरी ती बंद करून ठेवली होती. तिनं बदलांचा इतिहास उघडला. तारीख दोन उन्हाळ्यांपूर्वीची. शेजारी कारण: 'चाचणी अडतेय आणि टँकर आलाय. तूर्त बंद. पाणी भरून आले की चालू करते.' खाली नाव तिचंच.

"निघालं का नाव?" श्रीनिवासनं विचारलं.

"टँकर आला वाटतं," म्हणत ती हंडा उचलून तरातरा बाहेर पडली. गल्लीत चिटपाखरूही नव्हतं.