कायमचा पंच

उखर्डूची भज्यांची गाडी धुळ्यात पोलीस चौकीसमोर उभी राहायची, हाच काय तो त्याचा गुन्हा. कुठे छापा पडला की हवालदार तोताराम रस्ता ओलांडून यायचा, पंचनामा पुढे करायचा आणि जाताना मिरचीची भजी उचलायचा. वाच म्हणायचा नाही, सही कर म्हणायचा. उखर्डू मात्र गिऱ्हाईक नसलं की वाचायचा.

त्या दिवशी गाडी बंद होती. स्कूटरवर मागे बायको मंदाबाई, तिच्या मांडीवर टोपली आणि टोपलीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले खापरावरचे मांडे. शिरपूरला त्यांच्या लेकीच्या, पुनमच्या, नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. "मांडे माझ्या आईच्या हातचे," असं पुनम सासूपुढे बोलून बसली होती. मांडा असा पातळ, की जोरात बोट लागलं तरी फाटायचा आणि पुरण बाहेर.

गावाबाहेर नाकाबंदी लागली होती. गुटखा पकडायचा होता म्हणे. पांढऱ्या मोटारी सलाम घेत निघून जात होत्या. थांबवत होते मळक्या सदऱ्याला, जुन्या स्कूटरला, डोक्यावरच्या गाठोड्याला. कायदा म्हणतो, संशयाला कारण पाहिजे. नाक्यावर गरिबी हेच कारण.

"टोपली उघड," म्हणत नवे फौजदार काठीनंच फडकं उचलायला लागले.

मंदाबाईनं टोपली पोटाशी धरली. "काय करस रे भाऊ? मांडा शेतस त्या! काठी लावू नको!"

"साहेब, संशय कशाचा आला?" उखर्डूनं विचारलं.

"कशाचा म्हणजे? सगळ्यांचाच आहे! तोताराम, हा फार बोलतोय. याची रीतसर झडती घे. पंच आण."

पंच म्हटल्याबरोबर तोतारामच्या तोंडून सवयीनं निघालं, "ए उखर्डू, ये रे, पंच पाहिजे!"

"आलो," उखर्डूही सवयीनंच म्हणाला आणि स्कूटरवरून उतरला.

फौजदारांनी दोघांकडे पाहिलं. "झडती कोणाची?"

"याची."

"आणि पंच?"

"हाच की, साहेब. आपला कायमचा पंच शे तो."

रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. त्या हसण्यानं उखर्डूला जोर चढला.

"मग पंच म्हणून बोलतो. प्रत्येक पंचनाम्यात लिहिलेलं असतं, पोलिसांनी आधी स्वतःची अंगझडती दिली. वर्षानुवर्षं मी त्याखाली सही ठोकतोय, पण देताना कोणाला बघितलं नाही. आज बघतो. तोतारामभाऊ, खिसे."

"माझे? येडा झाला का?" तोतारामचा हात आपोआप पँटच्या खिशावर गेला.

"देखा, देखा, खिसा दाबी राहिना तो!" मंदाबाई ओरडली.

रांगेतले मोबाईल वर आले. फौजदारांचा नाइलाज झाला. "काढ, तोताराम."

रुमाल निघाला. चुन्याची डबी निघाली. मग गुटख्याच्या पुड्यांची माळ निघाली ती संपेचना.

"मुद्देमाल आहे, साहेब. जप्त केलेला."

"पंच कोण होतं?" उखर्डूनं विचारलं. "मी तर सही केली नाही."

फौजदार तांबडेलाल झाले. "जा तुम्ही. निघा इथून!"

उखर्डूनं किक मारली. तेवढ्यात मागे भांडं आपटल्याचा आवाज झाला. डोंगरातल्या पाड्यावरून कामाला आलेल्या एका म्हाताऱ्या मजुराचं गाठोडं दुसऱ्या शिपायानं रस्त्यावर ओतलं होतं. पातेलं घरंगळत गेलं. म्हातारा नुसता हात जोडून उभा. संशय कशाचा, हे विचारायची त्याची छाती नव्हती.

उखर्डूनं मंदाबाईकडे पाहिलं. मांडे शाबूत होते, पण वेळेवर पोहोचले नाहीत तर पुनमची सासू तिला जन्मभर ऐकवणार होती.

मंदाबाईनं कपाळाचा घाम पुसला. "मी पुनमले फोन लाईसन सांगस, पाव्हनासले चहा दे, नाश्ता दे, काय बी दे. तुमी जा तिकडे."

उखर्डूनं स्कूटर बंद करून स्टँडला लावली, म्हाताऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शिपाईभाऊ, पंच हजर आहे. आता तुमचे खिसे."