बुटाच्या कातड्याचा वायसर

"आवाज येऊन राह्यला का तुले?" पुंजाराम फोन कानाला लावून ओरडत होता.

"कानाले कावून लावता? व्हिडिओ हाय तो," मैनाबाईनं फोन ओढून नवऱ्याच्या तोंडासमोर धरला.

फोनमध्ये मिर्लांद होती, हैती देशातल्या एका खेड्यातली. इकडे बार्शीटाकळीत संध्याकाळचे पाच वाजले होते, तिकडे सकाळ. तिच्या मागे हातपंप उघडा पडला होता आणि वर काढलेले पाईप मातीत निजले होते.

पुंजाराम हातपंपाचा मेकॅनिक, आता रिटायर. तिथल्या भूकंपानंतर एका संस्थेनं त्याला दोन वर्षं त्या देशात नेलं, कारण तिथले पंप आपल्याकडच्याच बनावटीचे. मिर्लांद तिथं त्याच्या हाताखाली शिकली. पंपापाशी बसून तिनं त्याला आपल्या देशाची गोष्ट सांगितली होती. गुलामांनी मालकांना हाकलून देश मिळवला, आणि त्या मालकांच्या नुकसानीची भरपाई गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांनी शंभरावर वर्षं केली. तेव्हा पुंजारामला दोन घास गोड लागले नव्हते.

आज ती भराभर बोलत होती. तिची भाषा त्याला अजून कळायची, मोडकीतोडकी बोलताही यायची. रस्ता बंदूकवाल्या टोळीनं अडवलाय. सामान येत नाही. गाव नदीचं पाणी पितंय, उकळायला कोळसा नाही. शेजारच्या सात वर्षांच्या नादेज या पोरीला कालपासून जुलाब आणि उलट्या, आणि दवाखाना त्या रस्त्यापलीकडे.

"तोंतों, वायसर संपले." तोंतों म्हणजे काका. वायसर, म्हणजे पंपातली पाणी वर ओढणारी चकती, हा शब्द मात्र त्यानंच तिला दिलेला.

वायसर खोक्यातला, नवाच टाकायचा, असं तो तिथं सगळ्यांना बजावून आला होता. इकडे माल नसला की बुटाच्या कातड्याचे वायसर कापून त्यानं तीस वर्षं गावं चालवली. पण परक्या साहेबांपुढे हा जुगाड कसा दाखवायचा, म्हणून तिथं गडी मूग गिळून बसला. लाजेपायी विद्या चोरली, दुसरं काय.

"जुना बूट हाय का? जाड कातड्याचा?"

तिनं बूट आणला. पुंजाराम तिच्या भाषेत, हातवारे करत सांगू लागला. कातडं भिजव, गोल काप, पाईपच्या तोंडात दाबून वाटीसारखं कर. वाळलं की तेल चोपड.

"किती वेळ?"

"उद्यालोक."

"आज नाही?"

"वल्लं टाकलं तं टिकत नाई, माय."

"पोरीले मीठ-साखरेचं पानी पाजाले सांगा. घोट घोट," मैनाबाई मधेच म्हणाली. त्यानं सांगितलं.

"कोणतं पाणी?" मिर्लांदनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम सकाळपासून फोनजवळ बसून होता. तिकडे तेव्हा रात्र असते हे त्याला ठाऊक होतं. मैनाबाईनं ताट तिथंच आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

पाचला फोन आला. पंप चालू होता. बाया रांगेत उभ्या होत्या आणि मिर्लांद दांडा मारत होती.

"पोरगी?" पुंजारामनं विचारलं.

तिनं हात थांबवला नाही. "पहिल्या दोन बादल्या तिच्या अंघोळीला लागल्या," ती म्हणाली. "पांढरा फ्रॉक घातलाय. दुपारी मातीला नेऊ."

मैनाबाईनं न शिवलेलं ताट उचलून आत नेलं.

"चूक माही हाय," पुंजाराम या वेळी आपल्याच बोलीत म्हणाला. "तवाच शिकवाले पायजे होतं."

तिला कळलं की नाही, कोण जाणे. दांडा दुसरीच्या हाती देऊन ती ओट्यावर बसली. तिथं दोन बायका बुटाचं कातडं कापत होत्या. त्यातला एक गोल तुकडा तिनं फोनसमोर धरला.

"आम्ही दुसरा करून ठेवतोय. नीट कापलाय का, तोंतों?"

पुंजारामनं डोळे पुसले आणि फोन जवळ घेऊन तो तुकडा नीट बघितला.

"बराबर हाय, माय," तो म्हणाला. "काठ जरासा घासून पातय कर."