कंसाआधीचं उणे

वर्गात तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती वरवर नाक मुरडायची, पण हे नाव तिला मनापासून आवडायचं. बीजगणित म्हणजे तिच्या हातचा मळ. शाळा सुटली की ती वर्गमैत्रीण चिमणीच्या बाबांच्या लाँड्रीत जायची आणि मागच्या खोलीत, इस्त्रीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला दोघींचा गृहपाठ चालायचा. मास्तरीण समजावायची झकास. फक्त शेवटची ओळ आली की चिमणीच्या हातातून पेन्सिल काढून घेऊन उत्तर स्वतः लिहायची. त्यामुळे दुसऱ्या दिवशी चिमणीला पुन्हा तिची गरज पडायची. हे तिने ठरवून केलं होतं असं नाही, पण त्यात तिला गोडी होती, एवढं खरं.

मग वर्गात एक उंचच उंच मुलगी आली. तिचं लगेच लांबडी असं बारसं झालं, आणि आठवडाभरात चिमणीने तिलाही टेबलापाशी आणून बसवलं. लांबडी पेन्सिलीला हातच लावायची नाही. पुढे काय, एवढं विचारून गप्प बसायची. चिमणी अडखळत, खोडत शेवटापर्यंत पोचली की मग तिला ताळा करायला लावायची, म्हणजे आलेलं उत्तर समीकरणात घालून बघायला.

मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. चिमणी आता लांबडीला टेकून खिदळायची, ते तर तिला बघवतच नसे. आपली मैत्रीण आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी उचलून नेतंय आणि वर तिचं भलंही करतंय, याचा तिला संताप यायचा.

एका संध्याकाळी लांबडी आली नाही. चिमणीने एकटीने समीकरण सोडवलं आणि मोठ्या उत्साहाने मास्तरणीपुढे सरकवलं. पाच क्ष उणे, कंसात दोन क्ष उणे सहा, बरोबर अठरा. कंस सोडवताना चिमणीने आतल्या सहाचं चिन्ह बदललंच नव्हतं, आणि क्षची किंमत चारऐवजी आठ काढली होती. मास्तरणीला ते एका नजरेत दिसलं. उद्या सर फळ्याशी बोलावणार होते. पडू दे लांबडीच्या लाडकीला तोंडघशी, मग येईल आपल्याकडेच, असं तिच्या मनात आलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि घरी जाऊन पोटभर जेवली.

सकाळी सर यायच्या आधीच चिमणी मास्तरणीच्या बाकाशी आली. रात्री ताळा केला तर अठराच्या जागी तीस आले, मग चूक सापडली, असं तिने एका दमात सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "तू बघितलं होतंस ना? तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं म्हणावं तर चिमणी कायमची जाणार. नाही म्हणावं तर सगळं मास्तरीणपण मातीत.

"नाही दिसलं."

चिमणीला संशय आला नाही. उलट तिचा चेहरा खुलला.

"अगं, मग सांगायचं ना. लाजतेस काय? सरक, मी समजावते."

ती शेजारी बसली आणि उण्यामुळे कंसातली चिन्हं का बदलतात ते अगदी पहिल्यापासून, सावकाश, मोठ्याने सांगू लागली. फार चांगलं सांगत होती. पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळल्या, लांबडीही वळली. मास्तरीण मान डोलवत ऐकत राहिली.