कोमट समुद्र

"ती पाठीवरची पिशवी आधी काढ," हिल्मार म्हणाला. "काढ म्हणतो ना!"

गुन्वोर जहाजावर चढायच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. मागे शंभरएक माणसं चाकांच्या बॅगा धरून खोळंबली होती, डोक्यावर लास पाल्मास बंदराचं जानेवारीतलं लख्ख ऊन होतं, आणि नेमकं याच मुहूर्तावर नवऱ्याला आपलं शास्त्र आठवलं होतं. पाठीला पिशवी लावून कोणी बोटीवर चढलं की बोट घात करते, हे त्यांच्या दूर उत्तरेकडच्या सेन्या बेटावरच्या कोळ्यांच्या घरात दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

"हिल्मार, ही बोट अकरा मजली आहे."

"बुडायला मजले आडवे येत नाहीत."

"अरे, लोक बघतायत!"

"बघू देत. वाचतील तरी बिचारे."

शेवटी गुन्वोरनं पिशवी उतरवली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून वर चढली. हिल्मार मागून समाधानानं आला. दीड हजार माणसांचे प्राण वाचवल्याचा भाव त्याच्या तोंडावर होता, आणि एकानंही त्याचे आभार मानले नाहीत. गुन्वोरला रागही आला नाही. आज तिला कशाचाच राग येणार नव्हता. चौसष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा सहलीला निघाली होती, तीही भर जानेवारीत.

घरी या दिवसांत सूर्य नसतो. नोव्हेंबरच्या शेवटी जातो तो जानेवारीच्या मध्यावर डोंगराआडून जरा डोकावतो. त्याचं गुन्वोरला काही नव्हतं, जन्मच तिथला. तिला छळायची ती थंडी. एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात बर्फगार कॉड माशांचे काटे काढत उभी राहिली. आता हिवाळा आला की तिची बोटं पांढरीफटक पडायची आणि मिटायचीच नाहीत. कपाची दांडी धरता येईना, कोटाचं बटण लागेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उबेत जा थोडे दिवस." हिल्मारनं हेमंतात आपली नाव विकली तेव्हा गुन्वोरनं त्याला दुसरा विचार करायला सवडच दिली नाही, आठवड्याभराच्या सागरी सहलीची दोन तिकिटं काढून मोकळी झाली.

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली," हिल्मार म्हणाला होता, "आणि सुट्टीत कुठे जायचं? तर समुद्रावर!"

पण गुन्वोरच्या मनात आणखी एक होतं, आणि ते तिनं चार महिने कोणाला सांगितलं नव्हतं. सप्टेंबरपासून दर मंगळवारी संध्याकाळी ती विणकाम मंडळाला जाते असं सांगून बाहेर पडायची आणि थेट शाळेच्या पोहण्याच्या तलावावर जायची. तिथे सात म्हाताऱ्यांना एक चोवीस वर्षांची मुलगी पोहायला शिकवायची. केस ओले का, तर बर्फ पडला वाटेत. तीन महिन्यांत काय विणलंस, असं हिल्मारनं विचारलं तेव्हा तिनं दुकानातून मोज्यांचा जोड आणला, किमतीची चिठ्ठी कापली आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं कौतुकानं लगेच पायात घातला.

चोरून शिकायचं कारण होतं. हिल्मारच्या घराण्यात कोणालाच पोहता यायचं नाही. पोहता आलं तर मरायला उगाच वेळ लागतो, असं जुने कोळी म्हणायचे. त्यात त्याचा धाकटा भाऊ ओत्तार. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत जाळं टाकताना ओत्तार पाण्यात पडला. नावेवर दोघंच होते. जाळं नावेच्या पंख्यात गुरफटलं, ते सोडवून नाव फिरवायला हिल्मारला बारा मिनिटं लागली. ओत्तार तोवर पाण्यावर होता, शुद्धीत होता. हिल्मारनं दोर टाकला आणि ओत्तार बुडाला. एवढं गुन्वोरला गावातल्या लोकांकडून कळलं होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, हिल्मारच्या तोंडून त्यातला एक शब्द तिनं ऐकला नव्हता. फक्त त्यानं पोटच्या पोरीला कधी धक्क्यावर खेळू दिलं नाही, आणि उन्हाळ्यात सगळं गाव पाण्यात पाय सोडून बसलं तरी हा पाठ करून बसायचा.

त्याच समुद्राच्या जिवावर आपण आयुष्यभर जेवलो, आणि एकदाही त्याला न भिता हात लावला नाही, हे गुन्वोरला डाचायचं. तिला एकदा समुद्रात पोहायचं होतं, आणि हिल्मार काठावर पाठ करून नव्हे, तिच्या शेजारी पाण्यात हवा होता. गुडघाभर पाण्यात आला तरी चालणार होतं.

आता त्याला जहाजावरून उतरवून किनाऱ्यापर्यंत न्यायचा कसा, एवढाच प्रश्न होता. तो चीजनं सोडवला.

केबिनमध्ये सामान लावताना हिल्मारनं ती पिशवी उघडली आणि साप निघाल्यासारखा मागे सरला.

"गुन्वोर! हे तू बोटीवर आणलंस?"

आत बकरीच्या दुधाच्या तपकिरी चीजची अर्ध्या किलोची वडी होती. परदेशात न्याहारीला काय मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून तिनं आठवणीनं घेतली होती. हे चीज नावेवर चालत नाही, पिशवीपेक्षाही वाईट, हे ती घाईत साफ विसरली होती.

"आता?" तिनं विचारलं. "खिडकीतून टाकू?"

"समुद्रात? अगं, मग तर संपलंच सगळं!" हिल्मार पलंगावर बसला आणि त्यानं गंभीरपणे विचार केला. "इथे कापायचं नाही. बांधून ठेव. परवा तेनेरिफे बेट लागेल. तिथे जमिनीवर उतरायचं, बसून सगळंच्या सगळं खायचं आणि मगच परत चढायचं."

"किनाऱ्यावर बसून खाऊ या?" गुन्वोरनं होता होईल तितक्या भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

"कुठेही. जमीन असली की झालं."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! गुन्वोर न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि टॉवेलात तोंड खुपसून हसली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली आणि सूर्य समुद्रातून बाहेर येताना पाहायला त्याला ओढत वर घेऊन गेली. "बघ, आला! आला बघ!" असं ती ओरडली, तेव्हा शेजारच्या डेन्मार्कच्या बाई दचकल्या. तिनं न्याहारीला तीन संत्री खाल्ली, दुपारी म्हाताऱ्या जोडप्यांच्या नाचात शिरली, आरामखुर्चीत पडून नाक भाजून घेतलं. हिल्मारनं दिवसभरात जीवरक्षक होड्या मोजल्या, दोन वेळा. मग डेकवर दोराची गाठ विणत बसलेल्या एका फिलिपिनो खलाशाशेजारी तो मांडी घालून बसला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. तासाभरानं गुन्वोर आली तर दोघं एकाच दोराची दोन टोकं विणत होते, आणि नवरा चक्क मजेत होता.

"ह्याला येतं," हिल्मार म्हणाला. त्याच्या तोंडून ही मोठी पदवीच.

"माझी गंमत बघ," गुन्वोर म्हणाली. तिनं उजवा हात त्याच्यासमोर धरला, बोटं पसरली आणि घट्ट मूठ मिटली. "पांढरी पडली नाहीत. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा पूर्ण मिटली बघ. ऊब, बाबा, ऊब!"

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो त्या मुठीकडे नुसता बघत राहिला. मग त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली, परत मिटली, आणि दोराकडे वळला.

तिसऱ्या दिवशी ते तेनेरिफेला उतरले. बंदरापासून बसनं थोडं गेलं की दगडी बांधाआड एक शांत खाडी होती. स्वेटर आणि मफलर घातलेली एक स्थानिक बाई कुत्रा फिरवत होती. तिच्या मते तो कडाक्याचा हिवाळा होता. हिल्मार आणि गुन्वोर वाळूत बसले आणि कुरकुरीत पावावर चीजचे पापुद्रे ठेवून खायला लागले. अर्धी वडी संपेपर्यंत हिल्मार घामाघूम झाला.

"आणखी घे," तो म्हणाला. "बोटीचा विचार कर."

"मी आता जेवढं खाईन तेवढी बुडेन," गुन्वोर म्हणाली. ती उठली आणि तिनं झगा डोक्यावरून काढला. आत लालभडक पोहण्याचा पोशाख होता.

"हे काय घातलंयस?"

"विणकाम मंडळाचा गणवेश."

हिल्मारला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग त्यानं सावकाश आपल्या पायांकडे पाहिलं. "आणि हे मोजे?"

"दुकानातले."

"अगं बये! मी गावभर सांगितलं, बायकोनं विणलेत म्हणून! त्या दुकानदारालासुद्धा सांगितलं!"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, छान विणलेत."

गुन्वोरला हसू आवरेना. डोळे पुसून तिनं वर पाहिलं तर हिल्मार हसत नव्हता. तिला पोहता येतं याचा अर्थ आता कुठे त्याच्या डोक्यात उतरला होता.

"पाण्यात जायचं नाही, गुन्वोर," तो हळू आवाजात म्हणाला.

"जाणार आहे."

"मी सांगतोय."

"एकेचाळीस वर्षं ऐकलं तुझं. पोरीला लांब ठेवलंस, मला लांब ठेवलंस, मी ब्र काढला नाही. का, ते मला माहीत होतं." तिनं झगा घडी करून वाळूवर ठेवला. "पण आता मी म्हातारी झाले रे. मला एकदा त्या पाण्यात जायचंय, आणि तू बरोबर असावास असं फार वाटतंय. नाही आलास तरी मी जाणार आहे."

ती वळली आणि चालत पाण्यात शिरली.

आणि अगंबाई, पाणी कोमट होतं! घरी उन्हाळ्यातसुद्धा पायाला कळ लागते. इथे पाणी पोटऱ्यांवर चढलं, मांड्यांवर चढलं, आणि तिला गारठून एकदाही श्वास ओढावा लागला नाही. छातीइतक्या पाण्यात तिनं पाय उचलले. हात पुढे, बाजूला, पाय बेडकासारखे. शाळेच्या तलावात पंचवीस मीटर झाले की भिंत यायची. इथे भिंतच नव्हती. गुन्वोर एकटीच मोठ्यानं हसली, नाकातोंडात खारट पाणी गेलं, खोकली, आणि परत हसली.

"इकडे! किनाऱ्याकडे!"

हिल्मार वाळूवरून तिच्या बरोबरीनं धावत होता, सदुसष्ट वर्षांचा माणूस, पायात बूट आणि ते मोजे. वादळात इंजिनावरून ओरडावं तसा ओरडत होता. मफलरवाली बाई कुत्र्याला घेऊन उभी राहिली होती.

"गुन्वोर! हात दे!"

"ये की मग घ्यायला!"

हे तिनं गमतीनं म्हटलं. पुढचा हात मारताना मान वळवून बघते तर हिल्मार पाण्यात. बूट, विजार, इस्त्रीचा सदरा, सगळ्यानिशी, हात लांब करून पाणी कापत येत होता. कमरेपर्यंत आला. छातीपर्यंत आला. ती वळून त्याच्यापाशी पोचली आणि पाय टेकून उभी राहिली. त्यानं तिचं मनगट असं पकडलं की नंतर दोन दिवस वळ राहिले.

"धरलं," तो धापा टाकत म्हणाला. "धरलं तुला."

"धरलंस," ती म्हणाली. "बघ, आलास की नाही!"

तिला वाटलं, आता हा मला ओढत बाहेर काढणार. पण तो हलला नाही. मनगट सोडून त्यानं घड्याळाचा हात पाण्याबाहेर धरला आणि दुसरा हात खाली नेला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तो खाली बघत उभा राहिला. गुन्वोरनं थोडा वेळ त्याच्याभोवती पोहून दाखवलं, पाठीवर तरंगून दाखवलं, "बघ ना" म्हणाली. त्यानं पाहिलंसुद्धा, मान हलवली, आणि परत खाली बघायला लागला.

तेव्हा तिनंही खाली पाहिलं. त्याचा हात पाण्यात मिटत होता, उघडत होता. मिटत होता, उघडत होता.

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आता तिला काही विचारायचं नव्हतं.

"पंधरा मिनिटं झाली," बऱ्याच वेळानं हिल्मार म्हणाला. "बोटं अजून मिटतायत."

"हो."

"त्या गार पाण्यात त्याची बारा मिनिटांत गेली होती. शुद्धीत होता गं. माझ्याकडे बघत होता. दोर त्याच्या हातात पडला, तळहातावर, आणि बोटं मिटली नाहीत. मी ओरडत होतो, धर, अरे धर!" तो थांबला. "दोर मी नीट टाकला होता, गुन्वोर."

"नीटच टाकला होतास. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला नव्हतं," तो म्हणाला.

त्याचा सदरा हवा भरून पाठीवर फुगला होता. गुन्वोरनं हातानं दाबून ती हवा काढून टाकली आणि सदरा सारखा केला. बंदराकडून जहाजाचा भोंगा झाला. सुटायला तास राहिला की तो होतो.

"निघायचं?" तिनं विचारलं.

त्यानं घड्याळ पाहिलं, पाण्याखाली परत एकदा मूठ मिटली आणि उघडली.

"सोळा," तो म्हणाला.