वाकडे आटे

"नीट बघ रे बाबा आणि किती जुनी आहे ते एकदाचं सांगून टाक. सुनेला वाटतं मी थापाच मारते," असं म्हणत मावशीने पितळेचा मासा त्याच्या हातावर ठेवला.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि जुन्या सुरमादाण्या जमवायचा. आईमागे त्याला मावशीनेच वाढवलं. तिच्याकडच्या या माशाच्या आकाराच्या सुरमादाणीपायीच त्याला हा नाद लागला होता. तो मागायचा, ती म्हणायची, "मी मेल्यावर ने."

त्याने माशाच्या तोंडातली सळई फिरवून बाहेर काढली आणि भिंग डोळ्याला लावलं. सळईचे आटे एकसारखे नव्हते. कानशीने, हाताने पाडलेले. खवला न् खवला वेगळा कोरलेला. आत सुरम्याचा दगडासारखा घट्ट बसलेला थर. याच्या तोडीचं त्याच्या कपाटात काही नव्हतं.

"नवी आहे गं मावशी," तो म्हणाला.

"नवी कशी? माझ्या पणजीची आहे ती."

"आटे बघ ना, कसे वाकडेतिकडे. घाईत उरकलेला माल. जुने कारागीर असं काम करत नसत."

दारात उभी असलेली सून हसली. "घ्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि आम्हाला मेली हात लावायची बंदी."

मावशीने माशावरून तोंड फिरवलं. मग म्हणाली, "घेऊन जा तुझ्याकडे. मला नको आता डोळ्यांसमोर."

त्याला हेच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मावशी जिना चढून, धापा टाकत त्याच्या दारात आली. त्याने मासा झटकन खणात सारला.

"जन्मभर खोट्यालाच खरं म्हणत आले," ती म्हणाली. "खरी कशी असते ते तरी दाखव. एकदा हातात घेऊन बघते."

तो कपाटापुढे थबकला. आतल्या एकूण एक जुन्या सुरमादाणीचे आटे वाकडे होते. सरळ आट्यांची एकच होती: ताडून बघायला बाजारातून आणलेली, यंत्रावर बनवलेली नक्कल. त्याने तीच काढली.

मावशीने आधी हात पुसले. मग सळई अलगद फिरवली. ती लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"हाताला लगेच कळतं रे," मावशी म्हणाली. "माझी मेली सारखी अडायची."

पडेल बिडेल म्हणून तिने ती दोन्ही हातांनी त्याला परत दिली.