पोकळ पोटाची पृथ्वी

मित्रांनो, मी एक जुनी पृथ्वी आहे. दचकू नका! तुम्ही जिच्यावर उभे आहात ती नव्हे, मुलुंडच्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटावर बसलेली, कागदाच्या लगद्याची.

मला धाकूने घडवलं. संपानंतर गिरणीतली नोकरी सुटली आणि तो गणपतीच्या मूर्ती करू लागला. काय हात होता त्याचा! शिक्षण मात्र चौथीपर्यंतच. त्याची लेक सुलक्षणा आठवीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी पृथ्वीचं अंतरंग दाखवायचं ठरलं, तेव्हा "माझे बाबा करतील" असं तिने ऐटीत सांगून टाकलं.

विज्ञानाच्या विमलाबाईंनी आतले थर बघायला वर्गात करवतीने माझी एक फोड कापली आणि पाहतात तो काय, माझ्या पोटात काहीच नाही! सगळा वर्ग खो खो हसला. सुलक्षणा रडवेली झाली. बाबांना पुन्हा कोणी हसणार असेल, तर मी प्रदर्शनाला जाणारच नाही, म्हणाली.

धाकू आला, ओशाळला. "बाई, आमचो गणपती आतसून पोकळच असता. माका वाटला, पृथ्वी पण तशीच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाकावर बसवून पुस्तक उघडलं. कवच, प्रावरण, मग वितळलेला गाभा आणि अगदी मधे घट्ट लोखंडी गाभा. धाकू आ वासून ऐकत होता. मग तो कामाला लागला. मधोमध शाळेचाच गोळाफेकीचा गोळा बसवला, भोवती थरावर थर चढवले. कवच सगळ्यात पातळ, म्हणून त्यासाठी वरून रंगाचा एकच हात दिला. त्याआधी आठ दिवस रोज सकाळी टिचकी मारून तो मी वाळले का ते ऐकायचा. सुलक्षणा बघत बसायची.

घाटकोपरच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, आत कोणीच गेलं नाही, मग कळलं कसं? सुलक्षणा पाठ केलेलं सगळं विसरली. मागे धाकू मान खाली घालून उभा होता. तिने मला टिचकी मारली.

"माझे बाबा मूर्ती फोडून बघत नाहीत, आवाजावरून ओळखतात. भूकंप म्हणजे पृथ्वीला बसलेली टिचकीच. लहरी आतून कशा येतात, त्यावरून शास्त्रज्ञ ओळखतात."

परीक्षकांनी वही मिटली आणि धाकूला पुढे बोलावलं. मूर्ती वाळल्याचं कसं कळतं, ते त्यांनी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. शेजारची मुलंही ऐकत उभी राहिली. सुलक्षणाने बापाचा हात घट्ट धरला होता.

आता माझा रंग उडालाय, धूळ साचलीय. पुसा कधीतरी, पण ओल्या फडक्याने नको. आणि चौथी शिकलेल्या माणसाला हसावंसं वाटलंच तुम्हाला, तर आधी मला एक टिचकी मारा.